सही करण्याआधी

टेक्ससमध्ये डॅलसजवळच्या एका उपनगरातून एका आईचं पत्र आलं आहे. मूळच्या सांगलीच्या, लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेल्या, त्याला आता २१ वर्षं झाली. मुलगा १७ वर्षांचा, बारावीत. उंची ६ फूट ३ इंच, वजन १२० किलो. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात तो डिफेन्सिव्ह टॅकल आहे, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या अगदी पुढच्या रांगेत खेळतो. शेजारच्या राज्यातल्या एका विद्यापीठानं त्याला खेळाच्या जोरावर पूर्ण शिष्यवृत्ती देऊ केली आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करारावर सही करायची आहे आणि मुलाला १८ पूर्ण नसल्यामुळे पालकांचीही सही लागणार आहे. वडिलांचा ठाम नकार आहे. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळेल इतके गुण मुलाला आहेत, मग “हाडं मोडून घ्यायला एवढ्या लांब आलो का?” असं त्यांचं म्हणणं. पाच आठवडे बापलेकांत अबोला आहे. मुलगा म्हणतो, मी एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, जाणार, दुसरं काही करणार नाही. सांगलीहून आजी दर रविवारी फोनवर म्हणते, “पोराला एवढा वाढवू नका गं.” आजोबा तालमीतले पैलवान होते, ५४व्या वर्षी हृदयविकारानं गेले.

आई विचारते, त्याला या वेडातून बाहेर कसं काढू? आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय: ऑक्टोबरमधल्या एका सामन्यानंतर तो घरी आला, दिवा बंद कर म्हणाला, एकच प्रश्न दोनदा विचारला, रात्री उलटी झाली. “कोचला आणि बाबांना सांगू नकोस, अशी त्यानं मला शपथ घातली आहे.” प्लेऑफचे, म्हणजे हंगामाच्या शेवटचे बादफेरीचे, सामने अजून बाकी आहेत.

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे आणि त्यातली साडेतीन पानं शिष्यवृत्तीबद्दल आहेत. मी मात्र शेवटच्या त्या चार ओळींपासून सुरुवात करते. त्या वाचल्या त्याच रात्री मी तुम्हाला वेगळी मेल पाठवली होती. तरी इथे पुन्हा लिहिते, कारण हे वाचणाऱ्या आणखी कुणाच्या घरात अशी शपथ घातलेली असू शकते.

ती शपथ मोडा.

मी डॉक्टर नाही. पण दिव्याचा त्रास होणं, एकच प्रश्न पुन्हा विचारणं, उलटी होणं ही मेंदूला हादरा बसल्याची, कन्कशनची, ओळखीची लक्षणं आहेत. ती दोन दिवसांत ओसरली म्हणून मेंदू बरा झाला असं धरता येत नाही. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणजे काही झालं नाही, असंही नसतं. कन्कशन बहुतेक वेळा स्कॅनमध्ये दिसतच नाही. खरी भीती दुसऱ्या माराची आहे. पहिला हादरा भरून यायच्या आत डोक्याला पुन्हा मार बसला, तर मेंदूला झपाट्यानं सूज येऊ शकते. असं क्वचित होतं, पण ज्यांच्या बाबतीत झालं ती बहुतेक याच वयाची मुलं होती. टेक्ससमध्ये २०११ पासून यासाठी कायदाच आहे. डोक्याला मार लागल्याचा संशय आला की शाळेच्या खेळाडूला मैदानाबाहेर काढायचं आणि डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय परत उतरवायचं नाही. कायदा तुमच्या बाजूचा आहे, पण शाळेला कळलंच नाही तर तो काय करणार?

मुलाच्या पाठीमागे सांगू नका. आधी त्याला सांगा: “मी आज बाबांना सांगणार आहे आणि उद्या डॉक्टरांकडे जायचंय. तू माझ्याजवळ बसशील का?” तो चिडेल. दार आपटेल, कदाचित तुमच्याशीही अबोला धरेल. धरू दे. त्याला खोटारडा मात्र समजू नका. तो ज्या रांगेत खेळतो तिथे दुखणं लपवणं हा गुणच मानला जातो, आणि त्याच्या जागेवर डोळा ठेवून एक मुलगा बाकावर बसलेला असतो. शिष्यवृत्ती देणारं विद्यापीठ हे ऐकून मागे हटेल, अशी भीती त्याला असणार. १७ वर्षांच्या मुलानं हे ओझं एकट्यानं उचललं आणि त्यातलं निम्मं तुमच्या पदरात टाकलं. ते आता खाली ठेवा.

डॉक्टरांना एक प्रश्न आवर्जून विचारा: याआधी असं किती वेळा झालं असावं? त्याचं उत्तर मुलालाच द्यावं लागेल, आणि तुम्ही खोलीबाहेर गेलात तर तो खरं सांगायची शक्यता जास्त आहे. असे हादरे वारंवार बसलेत आणि खेळ थांबवा असं डॉक्टरांनी सांगितलं, तर पुढचं माझं सगळं लिखाण बाजूला ठेवा. तिथे सही करू नका. तो कितीही रडला तरी करू नका. त्या नकारात मी तुमच्या बरोबर आहे.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला असं समजून पुढे लिहिते.

तुम्ही त्याच्या खेळाला वेड म्हणता. हा शब्द पत्रात सात वेळा आलाय. तो नेमकं काय करतो, हे मात्र फक्त एकदा: “समोरच्याला धडकतो आणि खाली पडतो.” मी काही वर्षं ओहायोत राहिले. शेजारच्या घरातला मुलगा शाळेच्या संघात याच रांगेत खेळायचा. दर शुक्रवारी संध्याकाळी त्याची आई मला सामन्याला घेऊन जायची. सुरुवातीला मलाही गोंधळच दिसायचा. तिनं मला सांगितलं, बॉलकडे बघू नकोस, बॉल सगळेच बघतात. तू ६२ नंबर बघ.

मग दिसायला लागलं. एक हात जमिनीवर टेकलेला, पाठ सपाट, समोर हातभर अंतरावर तेवढ्याच वजनाचा गडी. बॉल हलला की पहिल्या अर्ध्या सेकंदात कुणाचे पंजे कुणाच्या छातीवर आधी बसतात, त्यावर सगळं ठरतं. हात आत घालायचे, समोरच्याचे झटकायचे, कंबर खाली ठेवायची, तोल जाऊ द्यायचा नाही. सांगलीच्या माणसाला हे परकं वाटायचं काही कारण नाही. तुमच्या वडिलांना तो सामना दाखवला असता तर पहिल्या पाच मिनिटांत ते म्हणाले असते, अरे, याची पकड चांगली आहे.

तुम्ही लिहिलंय, “माइकवर याचं नाव क्वचितच घेतात, मग याला पुढे कोण घेणार?” ताई, त्या जागेचं कामच तसं आहे. कित्येकदा समोरचे दोघं मिळून त्याला ढकलतात आणि त्यानं फक्त जागचं हलायचं नसतं. ते दोघं त्याच्यावर खर्ची पडले म्हणून मागचा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या रांगेतला खेळाडू, मोकळा सुटतो, बॉल घेऊन पळणाऱ्याला पाडतो आणि टाळ्या त्याला मिळतात. ज्यांना खेळ कळतो ते बरोबर ओळखतात. कुठल्यातरी प्रशिक्षकानं तुमच्या मुलाची सामन्यांची चित्रफीत बघितली आणि नाव न घेतलेला मुलगा बरोबर हेरला, म्हणून तर तुमच्या टेबलावर तो कागद आलाय. अमेरिकेतल्या शाळांमधून साधारण दहा लाख मुलं हा खेळ खेळतात. त्यातली शंभरात सातेकच पुढे कॉलेजच्या संघात पोचतात, आणि सगळा खर्च विद्यापीठानं उचलावा असे तर त्याहून कमी. ही चाळणी तो पार करून आलाय. अशा मुलाला “तुला वेड लागलंय” म्हटलं की पुढचं तो ऐकत नाही, मग ते पुढचं कितीही खरं असो.

आणि पुढचं खरं आहे. एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत, प्रत्येकात ५३ खेळाडू. त्यात बचावफळीच्या पुढच्या रांगेसाठी आठ-दहा जागा. म्हणजे तुमचा मुलगा जी नोकरी मागतोय तिच्या सगळ्या मिळून जागा तीनशेच्या आसपास आहेत, आणि त्यातल्या बहुतेक आधीच भरलेल्या. कॉलेजमधून निवडीला पात्र ठरणाऱ्यांपैकी शंभरात दोघांचीही, एनएफएलचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, वर्णी लागत नाही. ऑगस्टच्या शेवटी प्रत्येक संघ ९० जणांवरून ५३ वर येतो. ३२ संघांचे मिळून अकराशेंहून जास्त खेळाडू एका फटक्यात बाहेर. खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबानं सरासरी कारकीर्द जेमतेम सव्वातीन वर्षांची. पैसा मात्र डोळे दिपवणारा: २०२५ मध्ये नव्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार ८ लाख ४० हजार डॉलर होता. पण कराराचा आकडा कितीही मोठा असला तरी त्यातला हमीचा भाग तेवढाच आपला. आज संघात, उद्या बाहेर, आणि निवृत्तिवेतनाचा हक्क मिळायलाही तीन हंगाम पदरात पडावे लागतात.

हे आकडे त्याला एकदा सांगा. एकदाच, जेवताना नाही, भांडताना नाही. शक्य तर त्यालाच काढायला लावा. गणितात त्याला चांगले गुण आहेत असं तुम्हीच लिहिलंय.

आता मला ज्यासाठी हे उत्तर लिहावंसं वाटलं, तिकडे येते. तुमच्या घरात तीन माणसं भांडताहेत, पण भांडण एकाच गोष्टीवर चाललंय: त्यानं या खेळात शिरायचं की नाही. बाहेर कसं पडायचं, याबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही. तो तीन वर्षं खेळो, तेरा वर्षं खेळो किंवा कॉलेजच्या पहिल्याच हंगामात गुडघा जाऊन घरी येवो, बाहेर तर पडायचंच आहे. आणि तुमच्या घरात याबद्दल बोलणारं एकच माणूस आहे, ज्याचं बोलणं सगळे हसण्यावारी नेतात. सांगलीची आजी.

खेळ सुटलेला खेळाडू घरात कसा असतो, हे त्या माउलीनं पाहिलंय. पैलवानाची मेहनत सुटते पण खुराक सुटत नाही, हे आपल्याकडे तालमीच्या आसपास वाढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. भल्या पहाटेपासूनच्या जोर-बैठका बंद होतात, पण दूध, तूप, बदाम आणि ताटातल्या भाकऱ्या तेवढ्याच राहतात. मग गुडघे बोलायला लागतात, साखर वाढते. तुमच्या वडिलांचं पुढे काय झालं ते तुम्हीच लिहिलंय. आजीनं फोनवर म्हटलेलं ते वाक्य खेळाच्या विरुद्ध नाही. ती एका शरीराचा शेवट बघून आली आहे आणि दुसऱ्याची सुरुवात बघते आहे.

तिची भीती अमेरिकेतल्या संशोधकांनी आकड्यांतही मांडली आहे. १९५९ ते १९८८ या काळात एनएफएलमध्ये किमान पाच हंगाम खेळलेल्या ३,४३९ खेळाडूंच्या मृत्यूंचा तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेनं अभ्यास केला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. एकंदर हे खेळाडू सर्वसामान्य पुरुषांपेक्षा जास्त जगले. पण पुढच्या रांगेत बचाव करणाऱ्यांमध्ये हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सर्वसामान्य पुरुषांपेक्षा ४२ टक्क्यांनी जास्त निघालं. म्हणजे तुमच्या मुलाचीच जागा. याच रांगेतला एक सर्वश्रेष्ठ खेळाडू रेजी व्हाइट २००४ मध्ये गेला तेव्हा ४३ वर्षांचा होता. त्याला हृदय-फुफ्फुसांचा आजार होता आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकारही होता. त्यात आपली भारतीय प्रकृती. मधुमेह आणि हृदयविकार आपल्याला कमी वजनातही आणि कमी वयातही गाठतात. तुमच्या घरात तर ते रक्तातच आहे. म्हणून डोक्यासाठी डॉक्टरांकडे जाल तेव्हा आजोबांची हकीकतही सांगा. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या आणि दर वर्षी घेत जा. तो झोपेत मोठ्यानं घोरतो का, मधेच श्वास थांबल्यासारखा होतो का, हेही सांगा. आणि विद्यापीठाचे लोक “अजून १५ किलो वाढव” म्हणतील तेव्हा तो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली वाढवणार की पिझ्झा खाऊन, हे आधीच विचारून ठेवा.

याच रांगेतला एक माणूस मला या बाबतीत फार मोलाचा वाटतो. ॲलन पेज. ओहायोतल्या कँटनचा. अमेरिकन फुटबॉलच्या दिग्गजांचं स्मारक, हॉल ऑफ फेम, याच गावात आहे. ते बांधलं जात होतं तेव्हा पेज शाळकरी वयात तिथे बांधकामावर मजुरी करत होता. पुढे मिनेसोटा वायकिंग्ज या एनएफएल संघाचा डिफेन्सिव्ह टॅकल झाला. १९७१ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि बचावातल्या खेळाडूला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. १९८८ मध्ये त्याच स्मारकात त्याला स्थान मिळालं. पण मला सांगायचंय ते वेगळं. त्यानं खेळता खेळता कायद्याचं शिक्षण घेतलं आणि १९७८ मध्ये पदवी मिळवली. खेळता खेळताच धावायला लागला आणि वजन उतरवलं. संघाला ते रुचलं नाही, त्याच वर्षी वायकिंग्जनी त्याला सोडलं. शिकागो बेअर्सनी घेतलं आणि तो १९८१ पर्यंत खेळला. नंतर वकिली केली, आणि १९९३ ते २०१५ अशी बावीस वर्षं तो मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती होता. बाहेर पडायची तयारी त्यानं आत असताना, ऐन भरात असताना केली होती.

तुम्ही म्हणाल, असा एखादाच. हो, एखादाच. पण इंजिनिअरिंग आणि फुटबॉल यांतलं एकच निवडायचं, असं तुमचे मिस्टर धरून चाललेत ते तितकंसं खरं नाही, एवढं तरी यातून दिसतं. एन्डामुकाँग सू हा अलीकडचा नावाजलेला डिफेन्सिव्ह टॅकल. वडील कॅमेरूनचे, आई जमैकाची, शाळेत शिकवणारी. म्हणजे घर तुमच्यासारखंच, बाहेरून येऊन वसलेलं. त्यानं नेब्रास्का विद्यापीठातून बांधकाम व्यवस्थापनाची पदवी घेतली आणि २०१० च्या एनएफएल निवडीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षी विद्यापीठाला २६ लाख डॉलर देणगी दिली, त्यातले ६ लाख इंजिनिअरिंगच्या शिष्यवृत्तीसाठी. “आपल्यातलं कुणी तिथवर गेलं नाही” असंही तुम्ही लिहिलंय. भारतीय वंशाचे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत हे खरं, पण वडील भारतीय असलेला ब्रँडन चिल्लर सात हंगाम लाइनबॅकर म्हणून खेळला.

मेंदूबद्दल तुमच्या मिस्टरांनी एक बातमी पाठवली होती, एनएफएलमध्ये खेळून गेलेल्या १११ पैकी ११० जणांना सीटीई, म्हणजे मेंदू हळूहळू झिजण्याचा आजार, निघाल्याची. ती बातमी खरी आहे. बॉस्टन विद्यापीठाचा २०१७ चा तो अभ्यास. पण ते मेंदू घरच्यांनी दान केलेले होते आणि पुष्कळ घरांना आधीपासून शंका होती, म्हणून शंभरातल्या नव्व्याण्णवांना हा आजार होतो असा त्याचा अर्थ नाही. मला त्याच गटाचा २०१९ चा निष्कर्ष जास्त उपयोगाचा वाटतो: खेळाचं प्रत्येक वर्ष वाढलं की धोका साधारण ३० टक्क्यांनी वाढतो. यात भोवळ आणणारे मोठे मार तेवढे मोजायचे नसतात. पुढच्या रांगेतला खेळाडू बॉल हलला की जवळजवळ प्रत्येक वेळी डोक्याला छोटे-छोटे धक्के खातो. हेल्मेट कवटी वाचवतं, मेंदू कवटीच्या आत हलतो, त्याला हेल्मेट काय करणार! म्हणून प्रश्न “खेळू द्यायचं का” एवढाच नाही. किती वर्षं, आणि त्यातही सरावात किती धडका, हे विचारायला हवं. हार्वर्ड, येल ज्या आयव्ही लीगमध्ये आहेत, तिथल्या प्रशिक्षकांनी २०१६ मध्ये हंगामातल्या सरावातून पाडापाडी काढूनच टाकायचं ठरवलं. म्हणजे धडका कमी करून हा खेळ शिकवता येतो.

यातूनच विद्यापीठाला विचारायचे प्रश्न निघतात. सही तुमची लागणार आहे, तेव्हा विचारायचा हक्कही तुमचा आहे, आणि आजवर तुमच्याशी गोड बोलणारा प्रशिक्षक या प्रश्नांनी नाराज झाला तर तेही बरंच कळलं म्हणायचं. शिष्यवृत्ती एका वर्षाची आहे की पदवी मिळेपर्यंतची? दुखापतीनं खेळ संपला तर ती चालू राहते का? हे लेखी हवं, तोंडी नको. आज झालेल्या दुखापतीची शस्त्रक्रिया शिक्षण संपल्यावर करावी लागली तर खर्च कुणाचा? खेळाडू मैदानात परत कधी उतरणार हे डॉक्टर ठरवतात की प्रशिक्षक? आठवड्यात पूर्ण धडकेचा सराव किती दिवस? याला बोलावणारा प्रशिक्षक पुढच्या वर्षी दुसरीकडे गेला तर काय? हे तर हमखास घडतं. दुसऱ्या कॉलेजांतून बदलून येणाऱ्या तयार खेळाडूंना ते याच जागेवर घेतात का? आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न: सध्या तुमच्या पुढच्या रांगेत जी मुलं आहेत ती काय शिकतात, आणि गेल्या चार वर्षांत गेलेली मुलं आज काय करतात? दुपारचा सराव आणि इंजिनिअरिंगची प्रयोगशाळा एकाच वेळी येते म्हणून पुष्कळ मुलांना सोपा विषय घ्यायला लावतात. तुमच्या मुलाला हवा तो विषय घेऊन खेळणारा निदान एक मुलगा तिथे आहे का, ते बघा. असेल तर दोघांची गाठ घालून द्या, प्रशिक्षक बरोबर नसताना.

उत्तरं समाधानकारक आली तर मी सही करेन. हे माझं मत आहे, तुमचं वेगळं असू शकतं. कर्ज न काढता चार वर्षांचं शिक्षण होतंय, आवडीचं काम मिळतंय, आणि ‘तुम्ही मला अडवलंत’ हे चाळिशीत ऐकावं लागणार नाही. मात्र सही एनएफएलसाठी नाही, त्या चार वर्षांसाठी आहे, हे तिघांनाही स्वच्छ कळलेलं हवं. दर वर्षी हंगाम संपला की डोकं, गुडघे, वजन, गुण हे सगळं समोर ठेवून पुन्हा ठरवायचं, असा शब्द त्याच्याकडून घ्या. तो शब्द देण्याइतका शहाणा आहे असं तुमच्या पत्रावरून वाटतं. आणि उत्तरं टोलवाटोलवीची आली तर नको म्हणा, आणि का नको ते त्याला कागद दाखवून सांगा.

तुमच्या मिस्टरांबद्दल मला थोडी काळजी वाटते. पाच आठवड्यांचा अबोला म्हणजे ठामपणा नव्हे. माणूस घाबरला आणि घाबरलोय हे म्हणता आलं नाही की असं होतं. ऑक्टोबरच्या त्या रात्रीबद्दल ऐकल्यावर ते तुमच्यावर रागावतील, “बघ, मी म्हणत नव्हतो?” असंही म्हणतील. त्या वेळी वाद घालू नका. दोन दिवस जाऊ द्या आणि मग तिघं बसून मुलाच्या सामन्याची चित्रफीत बघा, अर्धा तास. सगळ्या शाळा हल्ली अशा फिती ठेवतात, त्याच्या फोनमध्येही असेल. त्यालाच समजावून सांगू दे: इथे मी हात आत घातला, इथे दोघं अंगावर आले, इथे मी चुकलो. वडिलांनी त्या अर्ध्या तासात सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं. ज्या माणसानं आयुष्यभर यंत्रणा कशा चालतात हे समजून घेतलं, त्याला हे आवडेल असं मला खरोखर वाटतं. इथे महाराष्ट्रात कबड्डी, कुस्ती, क्रिकेट खेळणाऱ्या मुलांच्या घरी मी हाच उपाय सुचवते. मूल ज्यात तासन्‌तास घालवतं ते त्याच्याकडून समजून घेतलं की निम्मी गाठ सैल होते, आणि मग आपण विचारलेला अवघड प्रश्नही त्याला टोचत नाही.

येत्या रविवारी सांगलीहून फोन आला की तो मुलाच्या हातात द्या. आजीला म्हणावं, आजोबांची कुस्ती सुटल्यानंतरचं सांग. जिंकलेल्या कुस्त्यांचं त्यानं ऐकलं असेल. हे बहुधा कुणी सांगितलं नसेल. ते काय खायचे, त्यांच्याकडे कोण यायचं बंद झालं, दुपारी ते काय करत बसायचे. मराठी त्याला तोडकंमोडकं येतं असं तुम्ही लिहिलंय, तर तुम्ही शेजारी बसा आणि अडेल तिथे सांगा.

डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा. आणि त्याच्या जर्सीचा नंबरही कळवा. उंची, वजन, गुण, सगळं पत्रात आहे, नंबर तेवढा राहिलाय.